तिएरी ब्रतों आणि कर्जाचं ओझं

नमस्कार मंडळी. आपल्यातल्या आयटीवाल्यांना तिएरी ब्रतों हे नाव आतोस या फ्रेंच आयटी कंपनीचे माजी प्रमुख म्हणून ठाऊक असेल. मला मात्र या माणसाची सगळी कारकीर्द कर्जाभोवती फिरलेली दिसते.

1996 साली फ्रान्सचे पंतप्रधान ज्युपे यांचं सरकार थॉमसन मल्टिमीडिया ही टीव्ही बनवणारी सरकारी कंपनी कोरियाच्या देवूला नाममात्र एका फ्रँकला द्यायला निघालं होतं, इतकी ती कर्जात रुतली होती. विरोध झाला, विक्री बारगळली. 1997 मध्ये ब्रतों तिचे प्रमुख झाले आणि दोन वर्षांत ती शेअर बाजारात आली.

2002 मध्ये त्यांच्याकडे फ्रान्स टेलिकॉम ही दूरध्वनी कंपनी आली. डोक्यावर जवळपास 70 अब्ज युरोंचं कर्ज! मोबाइल कंपन्या आणि थ्रीजी परवाने चढ्या भावाने घेतल्याची ती फळं. ब्रतोंनी 15 अब्जांच्या कर्जाची मुदत वाढवून घ्यायची, 15 अब्जांचं नवं भांडवल उभारायचं (त्यात 9 अब्ज सरकारचे) आणि 15 अब्ज काटकसरीतून काढायचे, असा आराखडा आखला. कंपनी तगली.

फेब्रुवारी 2005 मध्ये ते फ्रान्सचे अर्थमंत्री झाले. देश ऐपतीबाहेर खर्च करतोय, प्राप्तिकराचा सगळा पैसा व्याजातच जातोय, हे त्यांनी लोकांना उघड सांगितलं. बँकर मिशेल पेबरो यांच्या अध्यक्षतेखाली कर्जाची तपासणी करवली. 2006 मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत कर्जाचं प्रमाण थोडं खालीही आलं. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोलाचं काम, कारण अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. त्याच वर्षी पोलादसम्राट लक्ष्मी मित्तल यांनी आर्सेलोर ही युरोपातली पोलाद कंपनी विकत घ्यायला बोली लावली. ब्रतोंनी जाहीर विरोध केला, पण कंपनीत फ्रेंच सरकारचा हिस्साच नव्हता, त्यामुळे हाती फारसं काही नव्हतं.

मंत्रिपदानंतर ते आतोसचे प्रमुख झाले. 2018 मध्ये त्यांनी सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मोजून सिंटेल ही आयटी कंपनी घेतली, तीही कर्ज काढून. पुण्या-मुंबईतली तिची मोठी कार्यालयं त्यामुळे आतोसची झाली. 2019 मध्ये ब्रतों युरोपीय आयुक्त, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, म्हणून ब्रसेल्सला गेले. मागे आतोस खचत गेली, आणि 2024 मध्ये धनकोंनी कर्जाचे शेअर करून घेऊन ती ताब्यात घेतली. सगळा दोष ब्रतोंच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्यानंतर तिथे प्रमुखच टिकत नव्हते. पण देशाला कर्जाबद्दल बजावणाऱ्या माणसाने एवढी खरेदी उसन्या पैशांवर केली, याकडे काणाडोळा करता येत नाही.

सिंटेलच्या पुण्यातल्या कार्यालयात काम केलेले काहीजण आज इथे बसले आहेत. त्या खरेदीनंतर आत काय बदललं, हे ते माझ्याहून नेमकं सांगतील. त्यांनी आता पुढे यावं, ही विनंती.