वाळूत फुललेल्या लाह्या

(दृश्य : चर्चबाहेरची गर्दी, टोपल्या)

ब्राझीलच्या बाहिया राज्यातलं साल्व्हादोर. ऑगस्टमधली सकाळ. संत लाझारसच्या चर्चबाहेर पांढऱ्या घेरदार झग्यातल्या बायका मक्याच्या लाह्यांच्या टोपल्या घेऊन उभ्या आहेत. कुणी पुढे आलं की ओंजळभर लाह्या डोक्यावरून, खांद्यांवरून ओघळू द्यायच्या. ही लाह्यांची आंघोळ. चर्च कॅथलिक, लाह्या मात्र ओमोलूच्या.

ओमोलू हा कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळांच्या ब्राझिली धर्मातला ओरिशा, म्हणजे देव. देवीचा रोग आणणारा तोच, बरा करणाराही तोच. अंगभर व्रण, म्हणून तोंडावर गवताची झालर. कथा अशी, की देवांच्या मेळ्यात तो बाजूलाच उभा होता. वाऱ्याची देवी इयांसान जवळ आली. झुळकीनं गवत उडालं आणि अंगावरचे फोड लाह्या होऊन उधळले. लाह्यांना इथे ‘म्हाताऱ्याची फुलं’ म्हणतात, ते यावरूनच; म्हातारा म्हणजे ओमोलू.

(दृश्य : तापलेली कढई)

कित्येक ठिकाणी या लाह्या समुद्राच्या वाळूत फोडतात. आपला भडभुंजा फोडतो, अगदी तशाच. मीठ नाही. तडतड थांबली की चाळायचं. वाळू खाली, फुलं वर.

(दृश्य : केळीचं पान विस्तवावर)

आकासा या दुसऱ्या नैवेद्याला मात्र वेळ लागतो. पांढरा मका भिजवायचा, वाटायचा, पाण्यात शिजवत घोटत राहायचा. हात थांबला की गुठळी झालीच! यातही मीठ नाही, साखर नाही. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करायचं आणि गरम लगदा त्यात बांधायचा. गार झाल्यावर उलगडलं, की पांढऱ्या वडीवर पानाच्या शिरा उमटलेल्या दिसतात. हा नैवेद्य जवळपास सगळ्या ओरिशांना चालतो. शिकारी ओशोसीला वेगळं लागतं : उकडलेला पिवळा मका, वर ओल्या नारळाच्या कातळ्या.

गंमत म्हणजे मका मुळात अमेरिकेचाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत तो पश्चिम आफ्रिकेत गेला, योरुबा आणि फॉन लोकांच्या चुलीवर रुळला. मग त्याच लोकांना गुलाम करून ब्राझीलला आणलं. ती गुलामी १८८८ पर्यंत चालली. आकासा त्यांच्याबरोबर आला, नावासकट.

(दृश्य : रात्र, ढोल)

ऑगस्टमध्येच ओलुबाजे, ओमोलूची पंगत. एरंडाच्या पानावर सगळ्यांना वाढतात, लाह्याही असतात, आणि हातानंच जेवायचं. गवताची झालर दारातून आत येते तेव्हा एकच शब्द उठतो : ‘आतोतो!’ म्हणजे, शांत राहा.

(ढोल थांबतात.)