एका दिवसाला एक खाडी

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "तुमच्या सासूबाई कोकणातल्या ना? मग जरा सांगा, तीन दिवस आहेत, गाडी आहे, कुठली कुठली गावं करू?" हे 'गावं करू' मला फार खटकतं. गावं काय पोळ्या आहेत करायला? पण ते असो. प्रश्न खरा आहे. दिवस तीन आणि गावं पन्नास. घ्यायचं कुठलं आणि सोडायचं कुठलं?

माझं उत्तर एवढंच आहे. गावं मोजू नका, खाड्या मोजा. एका दिवसाला एक खाडी. पुन्हा सांगते, एका दिवसाला एक खाडी, त्याहून जास्त नाही.

कारण असं की कोकणचा किनारा नकाशावर सरळ दिसतो, पण आहे तो फणीसारखा. दातांच्या फटीफटीतून समुद्र आत शिरलेला. अलिबागकडून खाली यायला लागलात की मुरूड-जंजिऱ्याच्या पुढे राजपुरीची खाडी, मग सावित्रीची बाणकोटची खाडी, मग वाशिष्ठीची दाभोळची, मग शास्त्रीची जयगडची. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा गाड्या नेणाऱ्या बोटी आहेत. तिकडे त्यांना जंगलजेटी म्हणतात. बोटीत गाडी चढली की वीस मिनिटांत पलीकडे. नाही चढली, तर आत वळून पार महामार्गाच्या दिशेनं वळसा. सध्या खाड्यांवर पुलांची कामं चालली आहेत, ते झाले की माझं हे भाषण शिळं होईल. होऊ दे.

आता हे ज्ञान मला कुठून आलं, ते सांगते. फुकट नाही आलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही सहा जण. हे, मी, दोन मुलं, माझे धाकटे दीर आणि सासूबाई. सासूबाईंचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. भावजी म्हणजे नियोजनाचा माणूस. लग्नाच्या पंगतीत सुद्धा ते पानं मोजतात. त्यांनी एका कागदावर तीन दिवसांची आखणी केली. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, दाभोळ, गुहागर. अकरा गावं, दोन खाड्या. प्रत्येक गावापुढे वेळ लिहिलेली. केळशीपुढे काय होतं सांगू? 'केळशी, १० मिनिटं, चहा.' आणि केळशी हे सासूबाईंचं माहेर.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. कागद वाचला, घडी घातली, परत दिला.

पहिला दिवस छान गेला. पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर. तिथल्या सुवर्ण गणेशाची हकिकत तुम्हाला ठाऊकच असेल. १९९७ साली सुपारीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत मुखवटा सापडला, २०१२ साली दरोडा पडला, आणि २०२१ साली नव्यानं घडवलेला मुखवटा मंदिरात आला. मग श्रीवर्धन, पेशव्यांचं मूळ गाव. मुक्काम हरिहरेश्वरला. रात्री जेवायला वालाचं बिरडं, आमसुलाचं सार. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी पनीर मागितलं. कोकणात जाऊन पनीर मागणाऱ्यांना माझ्या मते त्याच बोटीनं परत धाडावं. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भावजी आंघोळ करून तयार. कागदावर लिहिलं होतं, 'प्रदक्षिणा, ४५ मिनिटं'. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवती फेरी नव्हे. डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून खाली समुद्राच्या कातळावर यायचं आणि डोंगराला वळसा घालून पलीकडून वर निघायचं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला लाटा.

सासूबाई चहाची बशी खाली ठेवत म्हणाल्या, "आत्ता नाही जाता येणार."

"का?"

"आज दशमी आहे."

भावजींना वाटलं काही सोवळंओवळं आहे. ते म्हणाले, "अगं आई, देवाला दशमी चालते."

"देवाला चालते रे, समुद्राला चालत नाही." आणि त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत हिशेब केला. "दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला पूर्ण भरती. आत्ता आठ वाजतायत, म्हणजे वाट पाण्याखाली. बाराच्या पुढे जा, दीडला तर पुरतं सुकेल."

भावजी ऐकणारे नव्हेत. ते मुलांना घेऊन पायऱ्या उतरले. दहा मिनिटांत परत. तिघांच्या विजारी गुडघ्यापर्यंत ओल्या, आणि धाकट्याची एक चप्पल अरबी समुद्रात. खाली वाटेवर लाट आपटत होती, आणि एक गाववाला वरून ओरडून सगळ्यांना मागे फिरवत होता.

आता शहाण्या माणसानं प्रदक्षिणा सोडून दिली असती. पण कागदावर लिहिलेलं सोडायचं कसं? आम्ही थांबलो. साडेबाराला खाली गेलो, आणि खरंच सांगते, जिथे सकाळी पाणी उसळत होतं तिथे कातळ कोरडा. खडकाला लाटांनी पाडलेली जाळी, खळग्यांत उरलेलं पाणी, त्यात इवले इवले खेकडे. सासूबाई वरच बाकावर बसून होत्या.

बागमांडल्याला पोचेपर्यंत अडीच. शनिवार. जेटीवर गाड्यांची रांग. बोट यायची, दहा-बारा गाड्या घ्यायची, जायची. आमच्या पुढे रांग थोडी सरकायची. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि झोपले. भावजी कागदावरच्या वेळा खोडून नव्या लिहीत होते, मग त्याही खोडत होते. वेळास खोडलं. आंजर्ले खोडलं. चौथ्या बोटीत आमची गाडी चढली तेव्हा चार वाजून गेले होते. डाव्या हाताला सावित्री, उजवीकडे खाडीचं तोंड आणि बाणकोटचा किल्ला. भावजी म्हणाले, "बाणकोट बघा सगळ्यांनी, ते झालं."

वेश्वीला उतरलो. नकाशावर तिथून केळशी म्हणजे बोटभर अंतर. पण मध्ये भारजा नदीची लहानशी खाडी, आणि आमचा रस्ता त्या वेळी डोंगर चढून मंडणगडच्या अंगानं वळसा घेत गेला. डिसेंबरातला दिवस, सहालाच अंधार. केळशीत शिरलो तेव्हा दिवे लागून तास झाला होता. दापोलीला खोल्या घेतल्या होत्या. अजून तास-दीड तासाचा घाटवळणांचा रस्ता बाकी.

सासूबाई म्हणाल्या, "त्या पाराजवळ गाडी थांबव." थांबवली. त्या उतरल्या, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "इथनं पुढे मी येत नाही. तुम्ही तुमची गावं करून या."

आणि चालायला लागल्या! दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून पाखाडी, वर माडांच्या झावळ्यांतून दशमीचा चंद्र. आम्ही मागून बॅटऱ्या घेऊन. माहेरचं घर कधीच विकलं गेलेलं. त्या त्याच्या पुढच्या घरी गेल्या, बेड्याची काठी सरकवली आणि हाक मारली. आतून एक तितक्याच वयाच्या बाई कंदिलासारखा मोबाइल धरून बाहेर आल्या. क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगो, इतक्या वर्षांनी आलीस ती रात्रीची?"

सहा माणसं, न सांगता. अर्ध्या तासात ओटीवर पानं मांडलेली. गुरगुट्या भात, कुळथाचं पिठलं, पोह्याचे भाजलेले पापड. मुलांनी कुळीथ त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला, आणि परत मागून खाल्ला. दापोलीच्या खोल्यांचे पैसे बुडाले. भावजींनी ते कागदावर लिहून ठेवले.

दुसऱ्या दिवशी एकादशी. दोघी मैत्रिणी सकाळी महालक्ष्मीच्या देवळात जाऊन बसल्या त्या उठेचनात. आम्ही केळशीच्या किनाऱ्यावर गेलो. लांबच लांब वाळू, सुरूची झाडं, आणि माणूस म्हणाल तर एकटे आम्ही. भावजी पाण्याकडे बघत उभे होते, ओठ हलत होते. मी म्हटलं, "काय हो, जप चाललाय?" तर म्हणाले, "वहिनी, अकराची पाऊणपट किती? सव्वाआठ ना?" आणि घड्याळ बघितलं. पाणी नुकतंच मागे फिरायला लागलं होतं.

तिथूनच आम्ही दुपारी महाडमार्गे पुण्याला परतलो. अकरापैकी चार गावं. भावजी अजून साडेचार म्हणतात, बाणकोट बोटीवरून दिसलं ते धरून.

तर श्रोतेहो, तो पाऊणपटीचा हिशेब. घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघा. तिला पाऊण पट करा. जे येईल ती भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. थोडं इकडेतिकडे होतं, पण चप्पल वाचते. तिथीची पाऊणपट, लक्षात ठेवा. मुलं त्याच दिवसापासून आजीला 'वेधशाळा' म्हणतात.

आता मला पलीकडून वेळ संपत आल्याची खूण होते आहे, तेव्हा उरलेलं भराभरा सांगते.

दोन खाड्यांच्या मधला एक तुकडा निवडा आणि त्यातच राहा. तीन दिवस असतील तर राजपुरी आणि बाणकोट यांच्या मधली दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर पुरेत. निसर्ग वादळानं ३ जून २०२० रोजी तिथल्या सुपारीच्या बागा झोपवल्या होत्या. नव्यानं लावलेल्या वाड्या बघा, आणि सुपारी तिथल्या माणसाकडूनच घ्या. किंवा बाणकोट आणि दाभोळ यांच्या मधला दापोलीचा तुकडा घ्या, केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आणि हर्णै. हर्णैला मात्र मासळीच्या लिलावाची वेळ गाठा, समोर सुवर्णदुर्ग, पाण्यातून मासळी घेऊन येणाऱ्या बैलगाड्या. भलत्या वेळी पोचलात तर नुसता वास मिळेल. फेब्रुवारी ते एप्रिल जाणार असाल तर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, त्यासाठी तिथे मुक्काम हवा, धावती भेट उपयोगाची नाही. आणि दाभोळ ते जयगड घेतलंत तर गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची, म्हणजे हरिहरेश्वरच्या बरोबर उलट! लाट त्या अरुंद घळीत शिरते आणि उंच फवारा उडतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते.

गाडी वाळूत घालू नका. हे खरं तर सांगायला लागू नये. दर सुट्टीत कोणीतरी घालतो, चाकं रुततात, भरती चढत येते, आणि मग ज्या गावकऱ्याला कालच 'बाजूला हो' म्हटलं त्याच्याच ट्रॅक्टरला हात जोडावे लागतात.

आणि शेवटचं. मुरूड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याचं. दुसरं दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. खोली घेताना नीट विचारून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं रात्री नऊ वाजता जंजिऱ्यासमोर उभं राहून फोन केला होता, "आम्ही पोचलोय, तुमचं घर कुठं दिसत नाही." त्यांची खोली होती दोन खाड्या पलीकडे, आणि शेवटची बोट केव्हाच सुटली होती.

नमस्कार.