परिपत्रक शुक्रवारी, पार्किंग बंद सोमवारी

नमस्कार श्रोतेहो. आज विद्यापीठातल्या पार्किंगबद्दल बोलायचंय. विषय किरकोळ वाटेल, पण विद्यापीठात नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, प्राध्यापक असो, लॅब असिस्टंट असो नाहीतर लायब्ररीच्या काउंटरवर बसणारा कुणी असो, याबद्दल सांगण्यासारखं प्रत्येकाकडे काही ना काही असतंच. क्लार्क केर म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते, त्यांनी १९६३ साली म्हणून ठेवलंय की विद्यापीठातल्या प्राध्यापकांना एकत्र बांधून ठेवते ती पार्किंगची तक्रार. लोक हे हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

आधी परमिटचं बघू. बऱ्याच विद्यापीठांत जागा जितक्या असतात त्यापेक्षा जास्त परमिटं दिली जातात, कारण सगळे एकाच वेळी येत नाहीत, कुणी रजेवर असतं, कुणाचं लेक्चर दुपारी असतं. हिशोब तसा बरोबर आहे. पण परीक्षा किंवा अॅडमिशनच्या दिवसांत सगळे एकदम येतात आणि तेव्हा कळतं की पगारातून पैसे कापून जो स्टिकर काचेवर लावलाय तो जागेचा नाहीच, जागा शोधायच्या परवानगीचा आहे. दहाचं लेक्चर असलेली बाई पावणेदहाला हातात किल्ली घेऊन चालणाऱ्या एका मुलाच्या मागे हळूहळू गाडी नेत असते, हा निघेल मग आपल्याला जागा मिळेल म्हणून, आणि तो मुलगा गाडीतून वही काढतो आणि परत वर्गात जातो.

सकाळी लवकर येऊन मशीन सुरू करणाऱ्या लॅबवाल्याला जागा मिळते खरी, पण दुपारी ऑफिसच्याच कामासाठी बाहेर जाऊन आला की त्याची जागा गेलेली असते, मग तो पार लांबच्या मैदानात गाडी लावून येतो आणि उशीर झाला म्हणून बोलणी त्यालाच बसतात. आणि रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या बायका, त्यांना तेवढंच लांब अंधारातून एकटीने चालत जावं लागतं, तिथे दिवे लावा म्हणून अर्ज देऊनही दिवे लागत नाहीत. याचा मला फार राग येतो.

आता जागा जाते कशी ते सांगतो. एक गाडी उभी करायला, मध्ये वळायचा रस्ता धरून, साधारण २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे शंभर गाड्यांना अडीच ते तीन हजार चौरस मीटर. एवढी सपाट, झाडं नसलेली आणि मुख्य इमारतीजवळची जागा कॅम्पसवर दुसरी कुठली असणार? म्हणून नवी इमारत बांधायची म्हटली की पहिली नजर पार्किंगवरच जाते. बांधा की, इमारत हवीच आहे, वर्ग कमी पडतात हे आम्हालाही दिसतं. पण परिपत्रक शुक्रवारी संध्याकाळी येतं आणि सोमवारी पत्रे ठोकलेले असतात, आणि तिथे रोज गाडी लावणाऱ्या एकालाही कुणी विचारलेलं नसतं, खरं दुखणं ते आहे.

राखीव जागांचंही तेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर नोबेल मिळालेल्या प्राध्यापकांसाठी वेगळी पार्किंगची जागा असते, त्याबद्दल कुणी कुरकुर करणार नाही, कारण ती का दिली ते सगळ्यांना कळतं. पण एखाद्या अधिकाऱ्याच्या नावाची पाटी लावलेली जागा दिवसभर रिकामी आणि समोर लोक चकरा मारतायत, हे कसं पटणार?

फी वाढवायलाच नको असं माझं म्हणणं नाही. पार्किंगचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच मांडलं की फुकट पार्किंगचा खर्चही कुणीतरी भरतच असतं, आणि ते मला पटतं. पण झाडूवाल्याला आणि विभागप्रमुखाला एकच फी लावणं बरोबर नाही, काही विद्यापीठं पगाराप्रमाणे फी घेतात, मग सगळीकडे का जमू नये? सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये पार्किंग महाग केलं तेव्हा सोबत बसचा स्वस्त पास दिला, त्यामुळे गाडी घरी ठेवायची तर यायचं कसं याचं उत्तर लोकांच्या हातात होतं. नुसती फी वाढवली आणि बस मात्र तासाला एकच, तर माणूस गाडीच आणणार ना.

कुलसचिव कार्यालयात कुणी ऐकत असेल तर एवढं करा. पार्किंगच्या कमिटीवर सफाई कामगार, लॅबवाले आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक घ्या, नुसते नावाला नाही, मत द्यायचा हक्क देऊन. कुठल्या वेळी किती जागा रिकाम्या असतात ते मोजा आणि नोटीस बोर्डावर लावा, परमिटं किती दिली तेही लावा. आणि पत्रे ठोकायच्या निदान एक सत्र आधी सांगा, म्हणजे ज्याला मुलांना शाळेत सोडून यायचंय त्याला दुसरी काही सोय बघता येईल. नमस्कार.