मृगाआधीची पाखरे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे. घरोघरी पावसाळ्याच्या बेगमीची, म्हणजे पुरुमेंताची, लगबग चालू आहे आणि पहाटे साडेपाच वाजता आम्ही सहा जण तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिराजवळच्या पायवाटेवर उभे आहोत. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात उतरलेली पाहुणी बदके केव्हाच उत्तरेला परतली. पक्षी पाहण्याचे दिवस त्यांच्याबरोबरच संपतात, असे पुष्कळांना वाटते. आम्हाला मात्र गोव्याच्या रानाची खरी ओळख याच उकाड्यात झाली, कारण आता दिसतात ते इथलेच रहिवासी, आणि त्यांतल्या अनेकांच्या विणीचा हा काळ आहे.

नदीच्या बाजूने पहिली शीळ आली. हा शीळकरी कस्तूर. कोणी माणूस स्वतःशीच सूर शोधत चालला असावा, तशी त्याची शीळ लांबते, अडखळते आणि पुन्हा उचल घेते. पाऊस जवळ आला की त्याचे गाणे वाढत जाते. पाठोपाठ काजूच्या बागेतून पावशाने ‘पेर्ते व्हा’ सुरू केले. शेतकऱ्याला तो काही नवे सांगत नाही, पण त्याची हाक ऐकल्याशिवाय ज्येष्ठ आल्यासारखा वाटत नाही.

समोर दिसते आहे ते बेहड्याचे जुने झाड. त्याच्या खोडातील ढोलीत मलबारी कवड्या धनेशाची मादी अनेक आठवड्यांपासून स्वतःला कोंडून बसली आहे. ढोलीचे तोंड लिंपून तिने चोचीपुरती फट ठेवली आहे आणि तिचा व पिल्लांचा सारा भार एकट्या नरावर आहे. आम्ही ओहोळाच्या पलीकडे, झुडपांच्या आडोशाला पाऊण तास बसलो, तेव्हा पंखांचा आवाज आला. नर खोडाला बिलगला, मान झटकून त्याने गळ्यातले एक उंबर चोचीच्या टोकाशी आणले आणि फटीतून अलगद आत दिले. मग दुसरे, मग तिसरे. आम्ही सतरा उंबरे मोजली. त्या सबंध वेळात त्याने एकदाही घाई केली नाही. उद्या हा नर बिथरला किंवा मारला गेला, तर आतले सगळेच उपाशी राहतील. म्हणून हे झाड नेमके कोठे आहे, ते आम्ही सांगणार नाही.

बेडूकतोंड्याची गोष्ट याहून नाजूक आहे. वेलींच्या जाळीत हा निशाचर पक्षी दिवसभर वाळक्या पानासारखा निश्चल बसतो. मादी एकच अंडे घालते आणि दिवसा ते नर उबवतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरट्यासमोरच्या फांद्या कोणीतरी छायाचित्र नीट यावे म्हणून तोडल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा घरटे उन्हात उघडे पडले होते आणि रिकामे होते. तेव्हापासून आमच्या सहलींत ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे बंद आहे, घरट्याजवळ जाणे बंद आहे आणि पक्षी अस्वस्थ झाला की उठून निघणे ठरलेले आहे. एखादा दुर्मीळ पक्षी त्यामुळे हुकतो. हुकू दे.

सहलीच्या चौथ्या दिवशी दुपारी वळवाची सर कोसळली आणि आम्ही एका कुळागराच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या, कडेने वाहणाऱ्या व्हाळापाशी गेलो. तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर घरट्याला हात घालतो, कारण उन्हाने टणक झालेली दरड तेव्हा कुठे उकरण्याजोगी होते. हा पक्षी चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम 13 सेंटीमीटरचा. पोट पिवळेधमक, पाठ गर्द निळी आणि चोच पोवळ्यासारखी. जोडीतला एक समोरच्या मुळीवरून उडून थेट दरडीवर आदळला. चिमूटभर माती खाली पडली. तो परत येऊन बसला आणि दुसरा झेपावला. तासाभरात भोक पेराएवढेही खोल झाले नव्हते, आणि आभाळ पुन्हा भरून येत होते. आम्ही छत्र्या मिटलेल्याच ठेवल्या, कारण त्या उघडताना हालचाल झाली असती, आणि भिजत पाहत राहिलो.