पुढच्या वर्षी घेऊ

[दृश्य : बेळगाव, गणपत गल्ली. संध्याकाळचे सहा. गर्दीतून वाट काढणारी दुचाकी, भांड्यांच्या दुकानाची पायरी.]

संध्याकाळी गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, धंदा जोरात आहे. पण या पायरीवर थोडा वेळ उभं राहून कान द्या. मिक्सरचा दर विचारला जातो. भांड्याचं झाकण उघडून बघितलं जातं. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. मग दुकानदाराला उत्तर मिळतं, "पुढच्या वर्षी घेऊ की ओ."

हे वाक्य आम्ही शहापुरात ऐकलं, निपाणीत ऐकलं, खानापूरच्या बसस्टँडवरही ऐकलं. शेवटी या माहितीपटाला नावही तेच दिलं.

[दृश्य : कोरा कागद. पेनाने एकाखाली एक पाच शब्द लिहिले जातात.]

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी देशातल्या कुटुंबांना पाच गोष्टी विचारते. देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, वस्तूंचे दर, घरचं उत्पन्न आणि घरचा खर्च. प्रत्येक प्रश्न दोनदा येतो. गेल्या वर्षीपेक्षा आज कसं आहे? आणि आजपासून वर्षभराने कसं असेल? बरं म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून वाईट म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करतात, पाचही प्रश्नांची सरासरी काढतात आणि ती शंभरात मिळवतात. आकडा शंभराच्या वर गेला तर लोकांना विश्वास वाटतो आहे, खाली गेला तर वाटत नाही. याला ग्राहक विश्वास निर्देशांक म्हणतात.

शहरी सर्वेक्षण १९ शहरांत होतं. त्यात कर्नाटकातलं बेंगळूर आहे, महाराष्ट्रातली मुंबई आणि नागपूर आहेत. बेळगाव नाही. ग्रामीण आणि निमशहरी भागासाठी बँक आता वेगळं सर्वेक्षण प्रसिद्ध करते, हे फार बरं झालं.

मे २०२१ मध्ये आजच्या परिस्थितीचा निर्देशांक ४८.५ पर्यंत घसरला होता. कोरोनाची दुसरी लाट होती, कर्नाटकात टाळेबंदी होती. त्या महिन्यात उद्याबद्दलचा, म्हणजे वर्षभरानंतरच्या अंदाजाचा आकडाही शंभराच्या खाली गेला. एरवी असं सहसा होत नाही. आज कितीही ओढाताण असली तरी आपल्याकडची माणसं उद्याला वाईट म्हणायला धजत नाहीत. मार्च २०२४ मध्ये आजचा निर्देशांक ९८.५ वर आला आणि उद्याचा १२५ च्या वर गेला. या दोन आकड्यांमध्ये जी फट दिसते, तीच गणपत गल्लीतल्या त्या वाक्यात आहे. आज नाही, पुढच्या वर्षी.

[दृश्य : शहापूर. किराणा दुकान. तेलाचे डबे, तराजू, वहीत लिहिणारा हात.]

पाचवा प्रश्न खर्चाचा. तो आम्हाला सगळ्यात अवघड वाटला. कुटुंबाने "खर्च वाढला" असं सांगितलं की ते उत्तर निर्देशांकात जमेच्या बाजूला धरलं जातं. यामागचा विचार सरळ आहे : हातात पैसा आहे, पुढची भीती नाही, म्हणून माणूस खर्च करतो. पण शहापूरच्या या दुकानात गेली अनेक वर्षं सामान भरणाऱ्या एका काकूंना आम्ही विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "खर्च वाढूलाय की. पण आमी कुठं काय जास्त घेतो?"

त्यांची यादी आम्ही बघितली. तेल, साखर, चहापूड, तूरडाळ, पोहे, साबण. तीच यादी, तेवढंच वजन. काजू-बदाम मात्र यादीतून गेले होते आणि साबणाची वडी मोठ्याची लहान झाली होती. एकूण रक्कम तरीही वर गेली. सर्वेक्षणाच्या कागदावर काकूंचं उत्तर आशेच्या रकान्यात पडलं असतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं. आपल्या सोयाबीनवाल्याला आधार मिळावा, हा त्यामागचा हेतू. त्याची झळ इथल्या फोडणीला लागली. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, पण वर गेलेला डबा जुन्या दरावर आला नाही.

आता ऑक्टोबर २०२५ चा आकडा घ्या. देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्का, म्हणजे जेमतेम पाव टक्का. आदल्या ऑक्टोबरात ती ६.२१ टक्के होती आणि भाजीपाला तर वर्षात ४२ टक्क्यांनी चढला होता. त्या चढलेल्या दरांशी तुलना केल्यावर भाजी स्वस्त दिसली आणि एकूण आकडा खाली आला. काकूंना हे समजावून सांगितलं तर त्या ऐकून घेतील. पण त्यांच्या हिशोबाच्या वहीत दर कमी झालेला नाही, चढायचा थांबलाय एवढंच.

आणि भाजी स्वस्त झाली याचा आनंद तरी कोणी कुणाला सांगायचा?

[दृश्य : पहाट. बेळगावजवळची शेतवाडी. कोबीचे गड्डे टेम्पोत भरले जात आहेत.]

बेळगावच्या आसपासची भाजी इथल्या बाजारात येते, गोव्याला जाते. शहराच्या कडेच्या गावांमधलं घर एका हाताने कोबी विकतं आणि दुसऱ्या हाताने तेल विकत घेतं. बेंगळूरच्या फ्लॅटमध्ये कोबी स्वस्त झाला की घर सुखावतं. इथे तोच दर वाहतूक आणि हमालीसुद्धा भागवत नाही. एकाच प्रश्नाला एकाच घरातून दोन उत्तरं येतात, आणि दोन्ही खरी असतात.

[दृश्य : वेंगुर्ला रस्ता. हिंडलगा, सुळगा, बाची असे फलक मागे पडत जातात. मग शिनोळी.]

बाची ओलांडलं की शिनोळी. तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. रस्ता तोच, भाषा तीच, पाहुणेही तेच. या रस्त्यावर आम्हाला दोन बहिणी भेटल्या. थोरली लग्न होऊन बेळगावात आली, धाकटी शिनोळीत दिली. थोरलीला कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये मिळतात. ही योजना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली. धाकटीला महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० मिळतात, जुलै २०२४ पासून. जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये थोरलीला तिकीट नाही. धाकटीला लालपरीत अर्धं तिकीट.

दोघी एकमेकींचा हप्ता जमा झाला का, हे फोनवर विचारतात. कधी वेळेवर येतो, कधी लांबतो. लांबला की त्या महिन्याची भिशी अडते. थोरलीचे दोन हजार मुलीच्या क्लासच्या फीला जातात. धाकटी म्हणाली, "माझं औषधाला जातंय, सासूच्या. उरलं तर भिशीला."

शेजारच्या राज्यात राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला आपल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी मिळतं, हे महिन्याच्या महिन्याला कळणं, हा अनुभव सीमेवरच्या बायकांचा. या रकमेने घर श्रीमंत होत नाही. पण बाईला नवऱ्यापुढे हात न पसरता एक खर्च ठरवता येतो. विश्वासाची मोजणी करायची तर ती इथूनही करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि जिथे ही रक्कम पुरत नाही तिथे आठवड्याला फेडायचा हप्ता येतो. गटाचं कर्ज, दारात वसुलीवाला. कर्नाटकात या वसुलीतली दमदाटी इतकी वाढली की फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. त्या कर्जातून काय घेतलं, असं आम्ही विचारलं. टीव्ही, फ्रिज असं उत्तर फारसं आलं नाही. दवाखाना, फी आणि आधीच्या कर्जाचा हप्ता, हेच जास्त ऐकलं.

[दृश्य : उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत. लेथवर फिरणारा जॉब. पाळी सुटल्याचा भोंगा. पुढे वडगाव, यंत्रमागांचा खडखडाट.]

उद्यमबागेत कामगार मंदी-तेजी असे शब्द वापरत नाहीत. तो 'ओटी' म्हणतो. ओव्हरटाइम चालू असेल तर नवी गाडी बघू, बंद असेल तर जुनीच दुरुस्त करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्या दसऱ्या-दिवाळीला शोरूममध्ये पाहुणचाराचे पेढे वाटले गेले. तरी गाडी घ्यावी की नको, हा निर्णय ओटीवरच अडलेला होता.

वडगावच्या विणकराला त्याच दिवशी कृत्रिम सुतावरचा कर १२ वरून ५ टक्के झाल्याचं समाधान आहे. मात्र साडी उचलणारा व्यापारी पैसे कधी देईल, यावर त्याचा महिना ठरतो. निपाणीतही तेंदूपानावरचा कर तेव्हाच १८ वरून ५ वर आला आणि बिडीवरचा २८ वरून १८ वर, फेब्रुवारी २०२६ पासून. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी मात्र आजही हजारी बिड्यांवरच मोजली जाते.

[दृश्य : ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. धूळ. रात्र.]

या जिल्ह्याच्या खर्चाची खरी चावी उसाकडे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर जाहीर केला. नोव्हेंबरात मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,५०० मागत रस्त्यावर बसले. ३,३०० वर तोडगा निघाला. टनामागचे ते दोनशे रुपये शहरातल्या माणसाला किरकोळ वाटतील. पण एकरी चाळीस टन धरा, दोन एकर धरा. सोळा हजार होतात. मुलाच्या वसतिगृहाचे निम्मे पैसे, किंवा बोअरची मोटर.

बिल जमा झालं की बाजार हलतो. खडेबाजारातले दुकानदार हे तोंडपाठ सांगतात : कापड आधी, मग भांडी, मग सोनं.

[दृश्य : सराफी पेढी. काचेखालचा तराजू. जुनं गंठण रुमालातून सोडवलं जातं.]

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा गाठला. लग्नघरातली आई आता नवं घ्यायला येत नाही. जुनं गंठण मोडीत घालते, त्यातूनच मुलीसाठी हलकं काहीतरी करून घेते. तोळ्याचा पाऊण तोळा होतो.

या बाई येळ्ळूरहून आल्या आहेत. वजन झालं, घट वजा झाली, सराफाने कागदावर आकडा लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मुलगी शेजारी बसली आहे, तिला वाट्या जरा मोठ्या हव्या होत्या. आईने रुमालाची घडी घातली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आत्ता एवढंच. भाताचं येऊ दे. पुढच्या वर्षी वाट्या बदलू."

मुलीने मान हलवली. सराफाने पावती फाडली.

[दृश्य : पेढीचं शटर अर्धं खाली. बाहेर गणपत गल्ली अजून गजबजलेली.]