पेपर तपासायचा म्हणजे नक्की काय तपासायचं

नमस्कार मंडळी. मी मिरजेत राहते, मेडिकलच्या पोरापोरींना शिकवते आणि गेली बरीच वर्षं परीक्षा या एकाच विषयाच्या मागे लागलेय. आपण घेतो ती परीक्षा जे मोजायचंय तेच मोजते का, यावर जगभर आणि आपल्या देशातही भरपूर संशोधन झालंय, पण ते शाळेच्या स्टाफरूमपर्यंत फारसं येत नाही आणि आईवडिलांपर्यंत तर नाहीच येत, म्हणून आज तेच सांगायला आलेय.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगते. फायनल इयरची मेडिसिनची प्रॅक्टिकल होती, त्यात एक लाँग केस असते, म्हणजे एक पेशंट देतात, तासभर त्याच्याशी बोलायचं, तपासायचं आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून सगळं सांगायचं. मला मिळाली अथणीकडची एक बाई, धाप लागायची तिला, पायावर सूज. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि मी खटाव तालुक्यातली, मला कन्नड कुठलं येणार. मी विचारायचे, ती मान हलवून "गोत्तिल्ल" म्हणायची. वॉर्डातल्या मावशींना थोडं येत होतं पण त्यांना दुसऱ्या कामाला हाक आली की त्या जायच्या. शेजारच्या बेडवर माझी मैत्रीण, तिला तासगावचे एक आजोबा मिळालेले, अर्धांगवायूचे, ते तिला म्हणाले बाळ घाबरू नको, मी तिसऱ्यांदा परीक्षेला आलोय, डॉक्टर काय विचारत्यात ते मला ठाऊक हाय. आणि खरंच त्यांनी तिला सगळं ओळीनं सांगितलं, कुठली बाजू, कधी झालं, बीपीची गोळी कधी सोडली.

माझ्या बाईला हृदयाच्या झडपेचा आजार होता. तिथं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच असतो, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, कारण संधिवाताच्या त्या तापातून पुढं झडप खराब होऊ शकते. तो प्रश्न मला पाठ होता, फक्त तो मला विचारता आला नाही. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक सरांनी तोच विचारला, मी म्हटलं सर पेशंट कन्नड बोलते, ते म्हणाले ते तुमचं तुम्ही बघायचं. मी 3 मार्कांनी गेले. सहा महिने वाया, बॅच पुढं गेली, घरी वडिलांना सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. मैत्रीण पास झाली आणि ती चांगली डॉक्टर आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण त्या दिवशी आमच्या दोघींची परीक्षा एक नव्हती एवढंच मला म्हणायचंय.

पुढं शिकवायला लागल्यावर कळलं की यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. 1970 च्या दशकात अमेरिकेत संशोधकांनी डॉक्टर विचार कसा करतात याचा अभ्यास केला, त्यात असं दिसलं की एका केसमध्ये हुशार ठरलेला माणूस दुसऱ्या केसमध्ये तसाच हुशार ठरेल याची काहीच खात्री नसते. म्हणजे एका पेशंटवरून कुणाला पास-नापास करणं हे शितावरून भाताची परीक्षा केल्यासारखं वाटतं, पण तसं नाहीये, कारण भात एका पातेल्यात शिजतो आणि डॉक्टरचं ज्ञान आजारागणिक वेगळं शिजलेलं असतं. मग स्कॉटलंडमध्ये डंडी इथं रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये नवी पद्धत मांडली, तिला ओएससीई म्हणतात, आम्ही बोलताना ऑस्की म्हणतो. ओळीनं टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलावर एकच काम, एका ठिकाणी बीपी घ्यायचं, एका ठिकाणी एक्सरे बघायचा, एका ठिकाणी आईला मुलाचा जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते समजावायचं, पाचेक मिनिटांनी बेल वाजली की पुढच्या टेबलावर. सगळ्यांना तेच काम आणि परीक्षकाच्या हातात आधीच लिहून ठेवलेली यादी, काय केलं की किती मार्क.

आपल्याकडं का होत नाही सगळीकडं, तर हिशोब करून बघा. 150 मुलं, 10 टेबलं, प्रत्येकी 5 मिनिटं. एका फेरीत 10 मुलं आणि एका फेरीला 50 मिनिटं, अशा 15 फेऱ्या, म्हणजे साडेबारा तास झाले, आणि तेवढा वेळ 10 परीक्षक जागेवर पाहिजेत, त्याच दिवशी ओपीडीही चालू असते. श्रीमंत देशातली पद्धत गरीब देशात उचलून आणताना नेमकं हेच अडतं, पद्धत चांगली असते आणि माणसं कमी असतात. 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात हाताच्या कौशल्यावर भर आहे, त्यामुळं इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या आतल्या परीक्षेला तरी थोडी थोडी टेबलं मांडली जातात आता. मला त्याचं मनापासून बरं वाटतं.

पण ज्या कामाला पैसा लागत नाही आणि माणसंही लागत नाहीत असं एक काम आहे, ते मी आज तुम्हाला नीट समजावणार आहे, त्यातही शिक्षक मंडळींनी जरा कागद-पेन घ्या. याला आयटेम अ‍ॅनालिसिस म्हणतात, साध्या भाषेत सांगायचं तर मुलांनी दिलेल्या उत्तरांवरून प्रश्नालाच तपासायचं. समजा 100 मुलांचा एमसीक्यू, म्हणजे दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचा पेपर झाला. मार्कांप्रमाणे गठ्ठा लावा, वरचे 27 काढा, खालचे 27 काढा. मधले बाजूला ठेवा. आता एकेक प्रश्न घ्या आणि मोजा, वरच्या गठ्ठ्यात किती जणांचं बरोबर, खालच्या गठ्ठ्यात किती जणांचं. दोन्हीची बेरीज 54 मधली किती टक्के आली यावरून प्रश्न सोपा की अवघड ते कळतं, साधारण 30 ते 70 च्या मधे असला की बरा. आणि वरच्यातून खालचे वजा करून 27 नं भागलं की कळतं हा प्रश्न अभ्यास केलेल्याला आणि न केलेल्याला वेगळं काढतो का. पाव किंवा त्याच्या वर आलं तर चांगला. शून्याच्या खाली आलं तर गडबड आहे, कारण हुशार पोरं चुकतायत आणि कच्ची पोरं बरोबर येतायत.

माझ्याच एका प्रश्नाचं तसं झालं. प्रश्न होता, टीबीचा संशय असलेल्या पेशंटची पहिली तपासणी कोणती. माझ्या उत्तरसूचीत होतं थुंकी काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघणं. वरच्या 27 मधल्या फक्त 8 जणांनी ते लिहिलं, 19 जणांनी सीबीनॅट लिहिलं, म्हणजे मशीनवर टीबीच्या जंतूचा जीन शोधणारी टेस्ट. खालच्या 27 मधल्या 17 जणांनी माझं उत्तर लिहिलेलं. टक्केवारी बघितली तर 46, अगदी झकास प्रश्न वाटतो. पण 8 मधून 17 वजा केले की उणे 9. मी खुर्चीतच बसून राहिले. जागतिक आरोग्य संघटना आता काचपट्टीऐवजी ही जलद मॉलिक्युलर टेस्ट आधी करा म्हणते, आणि जी पोरं नवीन वाचून आली होती त्यांनी बरोबर लिहिलेलं, माझी उत्तरसूची जुन्या नोट्सवरची होती. गठ्ठे लावले नसते तर 19 चांगल्या पोरांचा मार्क मी कापला असता आणि वर्गात त्यांनाच ओरडले असते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चूक सांगितली आणि सगळ्यांचे मार्क दुरुस्त केले.

आता शाळेकडं येते, कारण ऐकणाऱ्यांत शाळेतले शिक्षक जास्त असणार. माझी नणंद जत तालुक्यात झेडपी शाळेवर आहे. तिच्या पाचवीच्या चाचणीत कुठूनतरी रेडिमेड आलेल्या पेपरात गणित होतं, लिफ्टमधून एकावेळी 8 माणसं जातात, 30 माणसांना वर न्यायला लिफ्टच्या किती फेऱ्या होतील. निम्म्या वर्गानं "भागाकार 3, बाकी 6" असं लिहिलं. तिनं मार्क दिले नाहीत पण तिच्या मनाला ते लागून राहिलं, म्हणून तिनं दोन दिवसांनी तोंडी विचारलं, वडापच्या जीपमध्ये 8 जण बसतात, 30 जणांना बाजाराला जायचंय, किती खेपा? एक पोरगी पटकन म्हणाली चार बाई, उरलेल्या सहा जणांना काय रस्त्यातच ठेवायचं का. भागाकार तिला येतच होता, लिफ्ट तिनं कधी बघितली नव्हती.

यावर अलीकडं फार महत्त्वाचं काम झालंय. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो 2025 मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात आला. ती मुलं गिऱ्हाईकाचा हिशोब तोंडी, चटकन आणि बरोबर करत होती, पण तसंच गणित पुस्तकी रूपात मांडलं की अडखळत होती. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं बरोबर उलटी, कागदावरचं जमत होतं आणि व्यवहारातलं जमत नव्हतं. आता आटपाडीच्या बाजारात डाळिंब विकायला बसलेला पोरगा डोळ्यासमोर आणा, पाव किलोला 30 रुपये, कुणी तीन पाव घेतलं आणि 100 ची नोट दिली की तो 10 रुपये परत देतो, बोटं पण मोजत नाही. त्याच पोराला आपण गणितात ढ म्हणतो. हे बघून मला राग येतो, खरंच येतो.

असर नावाचा सर्वे तुम्ही पेपरात वाचला असेल, प्रथम ही संस्था 2005 पासून करते. ते लोक शाळेत नाही तर गावात जातात, जिल्ह्यातली 30 गावं आणि गावातली 20 घरं, आणि प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवून वाचायला देतात, आधी परिच्छेद, येत नसेल तर शब्द, नाहीतर अक्षर. का, तर ज्याला वाचताच येत नाही त्याला लेखी पेपर दिला की कोरा कागद परत येतो, त्यातून त्याला काय येतं हे काहीच कळत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यामुळं देशाला कळलं की पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही.

अजून एक सांगते, ऐकायला कडू आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोन अर्थतज्ज्ञांनी भारतात एक प्रयोग केला, तो 2012 मध्ये छापून आला. मुलांचे पेपर शिक्षकांना तपासायला दिले, पण वरच्या पानावर मुलाचं वय, मुलगा की मुलगी आणि जात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कसंही लावलेलं, त्याचा आतल्या उत्तरांशी संबंधच नाही. तरी खालच्या जातीचा म्हणून दाखवलेल्या पेपरांना थोडे कमी मार्क पडले. फरक छोटा आहे, पण 35 वर पास असतं तिथं 34 वाल्याला छोटा फरक म्हणजे काय ते विचारा. बोर्डाच्या पेपरला बारकोड असतो म्हणून तिथं तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. आपल्या घटक चाचणीला मात्र पहिल्या पानावर ठळक आडनाव असतं, आणि आपल्या भागात आडनावावरून काय काय कळतं हे मी तुम्हाला सांगायला नको. नावाचा कोपरा दुमडून स्टेपल मारा, मार्क भरताना उघडा. खर्च शून्य.

ज्यांच्या वर्गात 100 नाहीत, 30-35 च मुलं आहेत त्यांनी वरचे 10 आणि खालचे 10 घ्या, आकड्यावर फार विसंबू नका, पण जो प्रश्न वरच्या दहांतल्या सहा-सात जणांचा चुकला तो प्रश्न हातात घ्या, परत वाचा, आणि त्या मुलांना जवळ बोलावून विचारा की तुला यात काय विचारलंय असं वाटलं. पोरं खरं सांगतात. माझ्या नणंदेनं आता वहीच केलीय, उलट्या निघालेल्या प्रश्नांची.

आमची इंटर्नल पुढच्या महिन्यात आहे. केसच्या कागदावर पेशंटची भाषा लिहायचा एक रकाना आम्ही घातलाय, ज्याला ती भाषा येत नाही त्याच्यासोबत भाषा येणारी एक सिस्टर पूर्ण तासभर उभी राहणार. आणि पोरांना कन्नडमधले 20 प्रश्न पाठ करायला दिलेत. त्यातला पहिला आहे, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का.

नमस्कार.