कॅफिन कुठल्या कपातून? बेळगावच्या चहा-कॉफीचा हिशेब

(दृश्य: स्वयंपाकाचा ओटा. छोटा डिजिटल तराजू, त्यावर रिकामी वाटी. साखरेच्या डब्यातून चमचा भरून येतो.)

हा चमचा बघा. शिगोशीग भरलेला. वाटीत ओतला तर काटा ७ ग्रॅम दाखवतो. तोच चमचा सुरीच्या पाठीनं सपाट केला, की ५ ग्रॅमच्या आत येतो. "मी चहात दोनच चमचे साखर घालते," असं घरोघरी ऐकू येतं. ते दोन चमचे १० ग्रॅमचे की १४ ग्रॅमचे, हे वजन केल्याशिवाय कळायचं नाही.

आणखी सोपा उपाय म्हणजे किराण्याची यादी काढून बघा. घरात चार माणसं, प्रत्येकी दिवसाला चार कप, कपाला १० ग्रॅम. रोजची १६० ग्रॅम साखर झाली. महिन्याला ४ किलो ८०० ग्रॅम, आणि ती सुद्धा फक्त चहातून. शिरा, लाडू, सणावाराचा कुंदा यांचा हिशेब अजून बाजूलाच आहे.

वजन उतरवायचं ठरलं की प्रश्न सुरू होतात. चहा सोडू का? ग्रीन टी आणू? काळी कॉफी प्यायली की चरबी जळते म्हणतात, ते खरं का?

आधी कॅफिनचं स्वतःचं काम बघू. १०० मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेलं, की बसल्या जागी शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती पुढचे दोन-अडीच तास साधारण ३ ते ४ टक्क्यांनी वाढते. हे खरं आहे. पण माणूस बसून तासाला ६० कॅलरीच्या आसपास खर्चतो. अडीच तासांच्या १५०, त्याचे ४ टक्के म्हणजे ६ कॅलरी. दीड ग्रॅम साखरेत तेवढ्याच कॅलरी असतात. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी ती साखर! रोज चहा-कॉफी घेणाऱ्याच्या अंगाला कॅफिनची सवय झालेली असते, त्यामुळे हा परिणामही पुढे मंदावतो. भूक थोडा वेळ दबते, तीही तात्पुरती.

म्हणून वजनाच्या बाबतीत कॅफिनबरोबर कपात काय काय येतं, हे आधी बघायचं. दूध, साखर, बशीतली खारी. आणि तो कप किती वाजता घेतला, हेही.

(दृश्य: पहाट. वडगावची गल्ली, आतून यंत्रमागाचा खडखडाट. दाराशी गवळी माप ओततो आहे.)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. या पट्ट्यात अजूनही कित्येक घरी रतीबाचं म्हशीचं दूध येतं. चहाला चव त्याचीच, यात वाद नाही. या दुधाच्या १०० मिलीत १०० च्या वर कॅलरी असतात. निळ्या पाकिटातलं नंदिनीचं टोन्ड दूध, ३ टक्के फॅटचं, तेवढ्याच मापात ६० च्या आसपास बसतं.

आता एक कप मांडू. १०० मिली म्हशीचं दूध, ५० मिली पाणी, १० ग्रॅम साखर. दुधाच्या १०५, साखरेच्या ४०. एकूण १४५ कॅलरी. दुसरा कप: ४० मिली टोन्ड दूध, ११० मिली पाणी, अडीच ग्रॅम साखर. दुधाच्या २४, साखरेच्या १०. एकूण ३४. दोन्ही कपांत चहापूड तेवढीच, २ ग्रॅम, त्यामुळे कॅफिनही जवळपास तेवढंच. चार कपांचा फरक ४४० कॅलरी. कागदावर १ किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी धरतात, म्हणजे साडेसतरा दिवसांत एक किलो. प्रत्यक्षात एवढ्या वेगानं उतरत नाही, कारण वजन घटायला लागलं की शरीराचा खर्चही घटतो. तरी काटा खाली सरकतो, आणि जेवणातली एक भाकरीही कमी करावी लागत नाही.

रतीब बंद करायला नको. दूध तापवा, निवू द्या, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर आलेली जाड साय अलगद काढून तुपासाठी वेगळी साठवा. खाली उरलेलं दूध चहाला वापरा. साय ढवळून पुन्हा दुधात मिसळली, तर मात्र काढून न काढल्यासारखंच.

(दृश्य: पातेल्यात उकळता चहा, जवळून. रंग लालसर, मग काळपट.)

चहा बिघडतो तो इथे. पाण्याला उकळी आली, पूड पडली, की पहिल्या तीन-चार मिनिटांत बहुतेक कॅफिन पाण्यात उतरतं. त्यानंतर दहा मिनिटं खदखदवत ठेवलं, तर तरतरी वाढत नाही. वाढतो तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. तुरट झाला म्हणून दूध वाढतं, दूध वाढलं म्हणून साखर वाढते. "कडक" चहाची साखळी ही अशी. साखर कमी करायची असेल तर आधी उकळणं कमी करा. पाणी उकळल्यावर आलं ठेचून टाका, मग पूड, तीन मिनिटं मंद आच, झाकण, गाळा, गरम दूध वरून. हा चहा अर्ध्या चमच्यातही गोड लागतो.

तोही अर्धा चमचा एका दिवसात गाठू नका. आठवड्याला पाव चमचा कमी करा. जिभेला नव्या गोडीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. एकदम बिनसाखरेचा प्यायला सुरुवात केली, की चौथ्या दिवशी माणूस मूळ मापावर परत येतो.

गुळाचा चहा घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उसाच्या या जिल्ह्यात गूळ चांगला मिळतो, त्याची चवही निराळी. पण १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी आणि गुळात साधारण ३५० ते ३८०. वजनासाठी गूळ म्हणजे साखरच धरा. चवीसाठी घालत असाल तर गॅस बंद करून, दूध घातल्यावर शेवटी घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की त्याच्या आंबटपणानं चहा फाटतो.

(दृश्य: उडुपी हॉटेल. स्टीलचे पेले, डिकॉक्शनची, म्हणजे कॉफीच्या दाट अर्काची, बारीक धार.)

बाहेर चहा घेताना वेगळीच अडचण. टपरीवरचा चहा एकाच पातेल्यात, साखरेसकट उकळलेला असतो. "साखर कमी" म्हणून तिथे काही होत नाही. फार तर अर्धा कप मागवायचा. उडुपी हॉटेलातली फिल्टर कॉफी मात्र कपागणिक जुळवतात. डिकॉक्शन वेगळं, दूध वेगळं, साखर वेगळी. "सक्रि ब्याड", म्हणजे साखर नको, एवढं कन्नडमध्ये सांगितलं तरी पुरे. ऑफिसात मशिनचा चहा असेल, किंवा पाकीट फोडून गरम पाण्यात ढवळायची तयार कॉफी असेल, तर पाकिटामागचे घटक वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिलाच शब्द साखर असेल, तर पाकिटात सगळ्यात जास्त साखरच आहे.

घरी फिल्टर असेल तर कॉफी हा फार चांगला पर्याय, कारण कॅफिन मोजता येतं. वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड घ्या. चकतीनं हलकेच बसवा, दाबू नका. जास्त दाबली तर पाणी अडून राहतं, सैल ठेवली तर पाणी भसकन खाली जातं आणि डिकॉक्शन पातळ येतं. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा, मग १२० मिली गोलाकार ओता. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली साधारण ८० मिली उतरतं. वीस मिनिटं लागतात. त्यात चार कप होतात.

यात कॅफिन किती, ते पुडीवर ठरतं. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीची टक्केवारी छापणं बंधनकारक आहे. चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, तिच्यात कॅफिन नसतं. ७०:३० ची पूड असेल तर २० ग्रॅममध्ये खरी कॉफी १४ ग्रॅमच. अरेबिका बियांत साधारण १.२ टक्के कॅफिन, रोबस्टात २.२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारही कप मिळून अरेबिकाचं जास्तीत जास्त १६८ मिलिग्रॅम, रोबस्टाचं ३०८. कपाला ४२ ते ७७. कोडगू आणि चिक्कमगळूरु दोन्ही जाती पिकवतात. दुकानात पूड दळून घेताना प्रमाण विचारा, सांगतात.

इन्स्टंट कॉफीचा कप ५० ते ६५ मिलिग्रॅमचा. चहाचा ३० ते ६५. राष्ट्रीय पोषण संस्थेनं दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. गरोदरपणात २०० च्या आत ठेवलेलं बरं. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको, असंही ही संस्था सांगते. टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी खाणं घटवताना हे नियम कसोशीनं पाळावेत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्याबरोबरच घ्यावी, आणि कॉफीआधी निदान अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. गोळी कॉफीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही.

ग्रीन टीबद्दल थोडक्यात. कॅफिन चहापेक्षा जरा कमी, दूध-साखर नाही, म्हणून कप हलका. फायदा तिथूनच. उकळतं पाणी ओतलं की कडू होतो. पाणी चार-पाच मिनिटं निवू द्या, दोन-तीन मिनिटांत पिशवी बाहेर काढा. चव आवडत नसेल तर ओढूनताणून पिऊ नका, लिंबू पिळलेला कोरा चहा तेवढंच काम करतो. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यातला ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅमपर्यंत गेला, की यकृतावर ताण आल्याची लक्षणं दिसली आहेत. त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

जिममध्ये व्यायामाआधी घ्यायच्या पुडीच्या एका मापात १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं. म्हणजे दिवसाचा निम्मा ते पूर्ण कोटा एका घोटात. शुद्ध कॅफिनची सुटी पूड तर घरात आणूच नये. तिच्या एका चमच्यात दोन-अडीच डझन कप कॉफीइतकं कॅफिन असतं, आणि तेवढ्यानं जीव जाऊ शकतो.

(दृश्य: रात्र. उद्यमबागेतला कारखाना, गेटबाहेरची टपरी, फ्रीजमध्ये रंगीत बाटल्या.)

रात्रपाळीवाल्यांच्या हातात हल्ली एनर्जी ड्रिंकची बाटली असते. कायद्यानं त्यात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. बाटलीवर १०० मिलीचा आकडा असतो, तो २५० मिलीच्या बाटलीसाठी अडीचनं गुणा. जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम येईल, म्हणजे फार तर एका कॉफीएवढंच. साखरेचा आकडाही तसाच गुणा. १०० मिलीला ११ ग्रॅम असेल तर बाटलीत साडेसत्तावीस ग्रॅम, साडेपाच चमचे. लहान मुलांना ही बाटली देऊच नका, तसं तिच्यावर लिहिलेलंही असतं.

रात्रपाळीत कॅफिन पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. सकाळी आठला झोपणार असाल तर शेवटचा कप रात्री दोनला. रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. दिवसपाळीचा हिशेब तोच. संध्याकाळी पाचला ८० मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री दहाला ४० शिल्लक. झोप मोडते, आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड-तेलकटावर हात जातो. वजन उतरवणाऱ्यानं दुपारी दोननंतर कॅफिन टाळलेलं बरं.

निपाणी-चिकोडीकडे विडी-सिगारेट सोडणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. तंबाखूच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं हे सगळं विडी सोडल्यामुळे होतंय. त्या दिवसांत चहा निम्म्यावर आणा.

(दृश्य: व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी चालणारी माणसं.)

कॅफिनचा खरा उपयोग होतो तो इथे. चालण्याआधी किंवा राजहंसगड चढण्याआधी पाऊण तास एक कप कोरी कॉफी घेतली, तर श्रम कमी जाणवतात, पाय जास्त वेळ चालतात. त्या जादा वीस मिनिटांच्या चालण्यात खर्चलेल्या कॅलरी कॅफिनच्या सहा कॅलरींपेक्षा कितीतरी जास्त. रिकाम्या पोटी जळजळत असेल तर आधी अर्धं केळं खा.

कप कमी करायचे असतील तर एकदम तोडू नका. बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दोन-तीन दिवस जोर असतो, काहींना आठवडाभर पुरतो. दर तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा. संध्याकाळी हाताला सवयीचा गरम कप हवाच असतो. तेव्हा परसातला गवती चहा तोडा, आलं घाला, पाच मिनिटं उकळा. नाव चहाचं असलं तरी त्यात कॅफिन नाही. शेजारच्या कन्नड घरात करतात तो धने-जिऱ्याचा कषायही चालेल, फक्त त्यातला गूळ निम्मा आणि दूध अर्धी वाटी.